कॉरिडॉरमधली अंबाडी

बोटांना तो वास लागला तेव्हा आधी मला मळमळलं आणि मग आठवलं. जुने वास आले की लोकांचे डोळे भरून येतात म्हणे. माझ्या पोटात ढवळतं. सगळं आयुष्य जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढलेल्या माणसाचं नाक असंच होऊन बसतं. त्याला सुगंध कळत नाहीत. काय जळतंय, काय गळतंय आणि काय सडतंय एवढंच कळतं.

बाताम बेटावरच्या एका शिपयार्डात जुनाट टँकरच्या कामावर गेलेलो मी बऱ्याच दिवसांनी घरी परतत होतो. सिंगापुरात बुकित बातोकला आमचा फ्लॅट आहे. लिफ्टमधून बाहेर पडलो तर सुमन, माझी बायको, कॉरिडॉरमध्येच उभी. बॅगसुद्धा खाली ठेवू दिली नाही तिने.

"अहो, आधी इकडे या. डोळे मिटा."

या वयात डोळे मिटा! मिटले. हाताला धरून तिने मला कुंड्यांपाशी नेलं. कढीपत्ता, पुदिना, मेथी, अशी आमच्या दारासमोर तिची फूटभर रुंदीची शेती आहे. "आता उघडा," म्हणाली. "ओळखा काय उगवलंय!"

मेथीच्या कुंडीत मधोमध एक झाड उभं होतं. माझ्या मांडीला लागेल एवढं. सरळ दांडा, पंजासारखी पसरलेली पानं, पानांच्या कडांना बारीक दाते.

"अंबाडी!" तिला दम निघेना. "अंबाडी आलीय हो आपल्या दारात. सिंगापुरात!"

सुमनचं माहेर परभणीकडचं. टेक्काच्या बाजारात अंबाडी मिळते, तेलुगू लोक नेतात ती, दोऱ्याने आवळलेली मलूल जुडी. सुमन ती आणते, ज्वारीच्या कण्या घालून शिजवते, वरून लसणाची फोडणी देते, आणि पहिल्या घासाला दर वेळी म्हणते, "ही ती नाही." आमच्या संसारात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की मला अंबाडीचाच राग येतो. आता ती त्या झाडापुढे उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मलाही बरं वाटलं. मी एक पान तोडलं, चुरडलं, आणि बोटं नाकाशी नेली.

"आंबटसर येतोय ना वास?" तिने विचारलं.

"हे बी कुठून आणलंस तू?"

"आणलं कुठून! गौरीच्या खुळखुळ्यातलं. इराने फोडला ना तो."

इरा ही आमची नात, आमच्या लेकीची, गौरीची मुलगी. आई लहानपणी जो खुळखुळा वाजवायची तो हिने भिंतीवर आपटून फोडला आणि वर आजीला ऐकवलं, "इट जस्ट ब्रोक ला, आजी, आय नेव्हर डू एनीथिंग." सोफ्याखाली, टीव्हीखाली, सगळीकडे बिया सांडल्या. सुमनच्याने बी फेकवत नाही. पपईचं, लाल भोपळ्याचं, कशाचंही असो, ती धुऊन वाळवून ठेवते आणि मग विसरते. करड्या रंगाचं, ठिपक्याठिपक्यांचं ते बी तिला ओळखीचं वाटलं. अर्धं तिने मेथीच्या कुंडीत टोचलं, अर्धं डबीत भरलं. एवढ्या बियांतून एक वर आलं. बाकीची कुजली असतील. पण एक वर आलं, आणि पानं फुटल्यावर तिची खात्रीच पटली.

तिचं काय चुकलं? आमच्याकडच्या कुठल्याही बाईला ते पान दाखवा, ती अंबाडीच म्हणेल. मीही म्हणालो असतो, जर तो वास मला माहीत नसता.

तो वास मेक्सिकोतला. पश्चिम किनाऱ्यावरच्या एका बंदराबाहेर आमचं जहाज नांगर टाकून पडलं होतं आणि मी तेव्हा नुकतंच लग्न झालेला चौथा इंजिनियर होतो. जहाज का अडकलं, मालक कुठे पळाला, ते सांगत बसत नाही. ते आठवलं की अजून शिव्या येतात तोंडात. जहाज मेलं होतं एवढं खरं. डिझेल संपलं, जनरेटर बंद पडले, कोल्डरूममधलं मांस सडलं. ते आम्ही तोंडाला फडकी बांधून बादल्यांनी समुद्रात टाकलं. पाण्यात मासे उसळून त्याच्यावर तुटून पडायचे आणि आम्ही तेच मासे गळाने धरून खायचो. मला कावीळ झाली तेव्हा कोणाला नवल वाटलं नाही.

बेतो नावाचा एक होडीवाला आमच्यासाठी पाणी आणायचा. त्याने मला उचलून डोंगरावर आपल्या आईकडे नेऊन टाकलं. डोन्या लुपे तिचं नाव. डोन्या म्हणजे आपल्याकडे बाई म्हणतो तसं, मानाने. मान देण्यासारखं प्रथमदर्शनी काही नव्हतं. जाड, घामट, सदा कोणावर तरी खेकसणारी बाई. घरात कोंबड्या, कोंबड्यांची घाण, चुलीचा धूर, आणि या सगळ्याच्या वर तो एक वास. कच्च्या कैरीचा, ओल्या लाकडाचा आणि मांजर मुतल्याचा, तिन्ही एकात.

माझ्या पायांत त्राण नव्हतं. तिच्याकडे एक बाटली होती, तिच्यात कडक दारूत बुडवलेली हिरवीकाळी पानं. संध्याकाळ झाली की ती माझे गुडघे त्या पाण्याने चोळायची. तिकडच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचं ते सांधेदुखीचं औषध. वाड्यावस्त्यांवरून बायका रिकाम्या बाटल्या घेऊन यायच्या आणि भरून न्यायच्या. ते कसलं झाड आहे हे मला कळलं तेव्हा मी घाबरून अंथरुणात उठून बसलो. आपल्याकडे गांजा म्हणजे गोसावी, चिलीम आणि वाया गेलेली पोरं. मी तिला खुणेने विचारलं, हे ओढतात ना? ती एवढी हसली की खोकला लागला. "ओढतात ते बेकार," म्हणाली. "माझे गुडघे ओढतात का?"

उन्हाळा संपत आला तसं तिचं पेरणीचं सुरू झालं. मक्याच्या सरींमध्ये, भोपळ्याच्या वेलांच्या कडेने ती हे बी टाकायची. पण आधी ते जागं करायचं. आढ्याला टांगलेल्या वाळक्या दुधी भोपळ्यातून जुनं बी काढायची, कुठलं गेल्या सालचं, कुठलं तिच्या सासूच्या हातचं. ओल्या फडक्यात बांधायची आणि ती पुरचुंडी झग्यात, छातीशी खोचायची. तशीच स्वयंपाक करायची, तशीच झोपायची. घामाने फडकं ओलं राहतं आणि अंगाच्या उबेने बी फुगतं, असं तिचं म्हणणं. आमच्या घरी मटकीला मोड आणतात तेव्हा फडकं सुद्धा धुवट लागतं. इथे ती पुरचुंडी बाहेर काढायची, उघडून बघायची, परत खोचायची आणि त्याच हातांनी माझ्यासाठी मक्याची भाकरी थापायची. मला शिसारी यायची. मी भाकरी खायचो, कारण भूक लागलेली असायची.

मग एक दिवस फडक्यात पांढरे कोंब दिसले, नखाएवढे. तिने मला बोलावून दाखवले. "बघ," म्हणाली, "इथली." त्या जातीला दुसरं नावच नव्हतं. कोणी विचारलं, ही कुठली, की उत्तर एकच, इथली. पलीकडच्या खोऱ्यातली वेगळी, ती तिकडची. तिला पलीकडचं बी आपल्या अंगणातसुद्धा चालायचं नाही.

पावसाळ्यात ती झाडं मक्याच्या वर गेली. घराच्या छपराच्या वर गेली. काटकुळी, उंच, लांब बोटांची पानं, वाऱ्याने सळसळायची. मला जरा चालता यायला लागलं तसं तिने मला कामाला लावलं. नर झाडं ओळखून उपटायची, थोडीच ठेवायची, बियांपुरती. चीक हाताला लागायचा आणि काळा पडायचा. राखेने घासा, लिंबाने घासा, जात नसे. त्याच हातांनी जेवायचं, त्याच हातांनी डोळे पुसायचे. रात्री बोटांच्या वासाने मला झोप यायची नाही. आणि खरं सांगतो, त्याच वासाने मी पुन्हा माणसात आलो. सडक्या मांसाचा वास माझ्या नाकातून त्यानेच काढला.

ऑक्टोबर सरता सरता त्यांचा पितरांचा सण येतो. डोंगर झेंडूने पिवळा झाला. आपला दसऱ्याचा झेंडू, तोच, तेच पान, तोच कडवट वास. लुपेने दारापासून फोटोंपर्यंत पाकळ्यांची वाट घातली आणि मला विचारलं, तुझे कोण गेलेत? मी वडिलांचं नाव सांगितलं. त्यांना काय आवडायचं? चहा. तिकडे चहा कुठला? तिने कसल्याशा पानांचं कढत पाणी कपात ओतून ठेवलं. परदेशात वडिलांच्या नावाने कोणीतरी पहिल्यांदाच काहीतरी ठेवलं होतं. मी बाहेर जाऊन रडलो. घरापासून इतकं दूर, इतक्या घाणेरड्या घरात, मला इतकं आपलं वाटत होतं.

ती झाडं फार उशिरा फुलतात. बाकी सगळं कापून झालं तरी ती उभीच होती, तुरे नुकते भरत होते. बी पक्कं व्हायला अजून थंडी जायची होती. तेव्हा गांजा मारायला सरकारचं विमान आलं.

डोंगराला वळसा घालून खाली आलं आणि मागे पांढरा फवारा सोडत गेलं. पुन्हा वळलं, पुन्हा सोडला. आम्ही आडोशाला पळालो. थोड्याच दिवसांत झाडं पिवळी पडली, मग पांढरट, मग नुसते दांडे. मक्याची राहिलेली ताटं गेली, भोपळे आतून सडले, एक कोंबडी तोंडातून फेस काढून मेली. त्या फवाऱ्याचा वास मी आयुष्यात नंतर पुष्कळदा घेतला. गोदामांत उंदीर मारायला वापरतात तसल्या औषधांना तो येतो. अजून आला की मी तिथून निघून जातो. लुपे त्या दांड्यांमधून फिरत तुरे चुरडून बघायची. सगळं पोचट निघायचं. ती रडली नाही. ती थुंकली.

त्याच सुमाराला परभणीहून तार आली, मुलगी झाली. जहाजाचंही काहीतरी मार्गी लागलं आणि आम्हाला घरी पाठवायचं ठरलं. निघताना लुपेने माझ्या हातात एक खुळखुळा दिला. छोटा भोपळा, तांबड्या-काळ्या लाखेने रंगवलेला, त्याच्यावर पळणारं हरीण. लाखेचा थर असा जाड आणि गुळगुळीत की आत मुंगी शिरायची नाही. "बाळाला तोंडात घालू देऊ नकोस," म्हणाली. "आणि कधी फुटला तर केरात टाकू नकोस. मातीत टाक."

मला वाटलं, असेल त्यांच्यातली रीत. आपल्याकडे नाही का भंगलेली देवाची मूर्ती पाण्यात सोडत? मी मान डोलावली. आतल्या बिया कसल्या हे मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. आढ्यावरचा तो जुना भोपळा मात्र त्या दिवशी जागेवर नव्हता, हे मला परवा कॉरिडॉरमध्ये उभं असताना आठवलं.

तो खुळखुळा परभणीला वाजला, मुंबईत वाजला, सामानाबरोबर सिंगापूरला आला. कस्टम्सच्या मशीनखालून गेला. आमच्या शोकेसमध्ये, गणपतीशेजारी, इतकी वर्षं बसून राहिला. या देशात त्या झाडापायी माणसं फासावर गेलेली आहेत. आणि इथे आमची सौभाग्यवती त्याला रोज तांदळाचं धुवण घालत होती.

"वा, सो टॉल अल्रेडी!" शेजारच्या दारातून आवाज आला. शेजारचे चिनी अंकल बनियनवर उभे होते. "मॅडम सेज कॅन ईट. गुड फॉर सूप ऑर नॉट?"

"नॉट येट, अंकल," सुमन म्हणाली. "संध्याकाळी... धिस इव्हनिंग आय गिव्ह यू लीव्ह्ज."

तिला आत नेलं. दार लावलं. ती अजून खुशीत. संध्याकाळी हौगांगहून वैद्यवहिनी येणार होत्या पानं न्यायला. बायकांच्या ग्रुपवर फोटो टाकल्यापासून त्या मागेच लागल्या होत्या. ओट्यावर ज्वारीच्या कण्या भिजत घातलेल्या. लसूण सोलून ठेवलेला.

मी तिला सांगितलं. झाडाचं नाव एकदाच घेतलं, तेही हळू.

"काहीतरीच काय," ती म्हणाली. "मला अंबाडी कळत नाही?"

मी बोटं तिच्या नाकापुढे धरली. तिने वास घेतला आणि मागे सरली. मग ती खुर्चीवर बसली. "इराने पाणी घातलंय त्याला," म्हणाली. "रोज घालायची. पाइपने."

त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते सांगतो. मला वाटलं, बाथरूममध्ये ठेवू. दिवा लावू. थोडेच दिवस. त्या डोंगरावरचं ते शेवटचं असेल, कोण जाणे. कदाचित लुपे गेली तेव्हा जगात इतकंच उरलं असेल, गणपतीशेजारी. कुठेतरी, जिथे चालतं अशा देशात, कोणाला तरी देता येईल. मग मला बँकॉकमधलं ते उघडपणे गांजा विकणारं दुकान आठवलं. मागे एका ड्रायडॉकच्या कामाला गेलो होतो तेव्हा हॉटेलशेजारीच होतं. हिरवा निऑन, कवटीचं चित्र, काचेच्या बरण्या. एका बरणीवर मेक्सिकोतल्या लुपेच्याच भागाचं नाव, खाली मोठ्या टोपीवाला मिशाळ पुतळा. पोरगेल्या विक्रेत्याने झाकण उघडून माझ्या नाकाशी धरलं. "हेरिटेज, सर. ओरिजिनल." आतल्या तुऱ्यांना च्युइंगगमचा वास येत होता. पोरं हसत होती, सेल्फी काढत होती. मला तिथेच ओकारी आली असती. बी जपणं म्हणजे हे असेल, तर ते विमान काय वाईट होतं?

छे, वाईटच होतं. पण कोणाला देणार? आणि कशासाठी? गौरीच्या, इराच्या नावाला काळिमा लागला तर मी लुपेचं नाव सांगून सुटणार होतो का? कायदा कोणाची अंबाडी ऐकून घेत नाही.

मी कात्री घेऊन उठलो. सुमनने ती माझ्या हातातून काढून घेतली.

"मी लावलंय. मीच काढणार."

ती बाहेर गेली, कुंडीपाशी वाकली, आणि मेथी उपटावी तसं अलगद, मुळांना माती धरून, तिने ते वर काढलं. टोपलीत घातलं, वर ओढणी टाकली. मोरीत आणून सवयीने मुळं धुतली. माती सगळी गेल्यावर पांढरी मुळं दिसली, आणि तिने त्यांच्यावरून एकदा बोट फिरवलं. मग आम्ही दोघांनी ते बारीक कापलं आणि थोडं थोडं करून कमोडमध्ये सोडलं. पाणी ओढायचं, थांबायचं, पुन्हा सोडायचं. हिरवे तुकडे परत वर यायचे. मी हाताने खाली ढकलले. सगळं घर त्या वासाने भरलं. लुपेच्या घराचा वास, इथे, फिनेलच्या वासात मिसळून. इतकं ओंगळ काम मी मेलेल्या जहाजावरसुद्धा केलं नव्हतं.

संध्याकाळी वैद्यवहिनी पिशवी घेऊन आल्या.

"अगं, कुठाय अंबाडी?"

"कीड लागली हो," सुमन म्हणाली. "उपटली."

"आणि फोटो पण काढून टाकलास ग्रुपवरून! दृष्ट लागली गं तुझ्या अंबाडीला. धुऊन घेतली असती आपण, मला चाललं असतं की." सुमनने त्यांच्या पिशवीत कढीपत्ता भरला. चहा दिला. अंकलना सांगितलं, प्लांट डाय. ते म्हणाले, अय्यो, सो पिटिफुल.

त्या गेल्यावर सुमनने डबी काढून ओट्यावर ठेवली. राहिलेलं अर्धं बी. मी म्हणालो, हेही कमोडमध्ये. ती म्हणाली, बी असं जात नाही, तरंगतं, आणि कुठे जाऊन उगवेल सांगता येत नाही. तिने गॅस पेटवला, लोखंडी कढई चढवली.

"भाजलेलं उगवत नाही," ती म्हणाली.

डबी तिने माझ्या हातात दिली, स्वतः ओतली नाही. मी ओतली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग एक बी तडतडलं, मग दोन, मग सगळी, कढईत उड्या मारायला लागली. हे शेवटचं. यापुढे 'इथली' कुठलीच नाही. मी उलथन्याने जोरजोरात ढवळत होतो, आणि मला जगाची, कायद्याची, विमानाची, त्या बरण्यांची, माझ्या स्वतःच्या भेदरलेल्या जिवाची किळस येत होती.

"गॅस बारीक करा," सुमन म्हणाली. "करपतंय." तिने उलथनं माझ्याकडून घेतलं आणि तीळ भाजतात तसं एकसारखं, कडेकडेने, परतत राहिली. ती रडत होती, पण हात थांबला नाही. ठिपके पुसले गेले, बी तपकिरी झालं, तेल सुटलं.

खमंग वास सगळ्या घरात पसरला. सकाळपासून पोटात काही नव्हतं. माझ्या तोंडाला पाणी सुटलं.